चासेन : नऊशे वर्षांची बांबूची घुसळणी

१/
जपानी चहासमारंभातील वाडग्यांना नावे असतात. त्यांच्या वंशावळी असतात. कोणत्या सरदाराकडून तो कोणत्या चहागुरूकडे आला, याच्या नोंदी त्यांच्या लाकडी पेट्यांवर लिहिलेल्या असतात. चहाची भुकटी काढण्याचा बांबूचा चमचासुद्धा एखाद्या गुरूने स्वतः तासला असेल, तर त्याला नाव मिळते आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो.

परंतु ज्या साधनाशिवाय हा चहा होऊच शकत नाही, त्या बांबूच्या घुसळणीला यातले काहीच मिळत नाही. ती काही महिने राबते, तिच्या काड्या मोडतात, ती टाकून दिली जाते. तिचे नाव चासेन. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
आधी एक गैरसमज दूर करू. चासेन जपानी म्हणून ओळखली जाते. तिचा जन्म मात्र चीनचा, सोंग राजवटीतला.

त्या काळी चिनी लोक आपल्यासारखी पाने उकळून किंवा भिजवून चहा पीत नसत. वाफवलेल्या पानांच्या दाबून वड्या करीत, वडी भाजून जात्यात दळीत, वस्त्रगाळ भुकटी वाडग्यात घालून तिच्यावर गरम पाणी ओतीत आणि फेस येईपर्यंत घुसळीत. चोथा टाकायचा नाही. पान पोटात जायचे.

३/
ते घुसळण्यासाठी सुरुवातीला चमचा वापरीत. अकराव्या शतकाच्या मध्यास त्साई श्यांग या विद्वान अधिकाऱ्याने चहावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, चमचा जड हवा, म्हणजे फटक्याला जोर येतो. सोन्याचा सर्वोत्तम; सामान्य लोक चांदीचा किंवा लोखंडाचा वापरतात. बांबूचा मात्र हलका पडतो, म्हणून उत्तम चहाला तो नको.

बांबूला असे दारातूनच परत पाठवले गेले होते.

४/
पुढच्या अर्धशतकात चित्र पालटले. इ.स. ११०७ च्या सुमारास सम्राट हुईझोंगने स्वतः चहावर ग्रंथ लिहिला. (सम्राट, चित्रकार, सुलेखनकार आणि चहाचा रसिक, यांपैकी पहिले सोडून बाकी सर्व कामे त्याला उत्तम जमत.) त्यात बांबूच्या घुसळणीचे वर्णन येते. बांबू जून हवा. मूठ जाड आणि वजनदार, काड्या विरळ पण ताठ. बुडाशी बळकट, टोकाला बारीक, तलवारीच्या पाठीसारख्या.

त्साई श्यांगच्या आक्षेपाचे उत्तर यात आहे. वजन मुठीत ठेवा आणि लवचीकपणा टोकाला. जड चमचा पाण्याला एका जागी ढकलतो. अनेक काड्या तेच पाणी अनेक जागी कापतात.

५/
याच ग्रंथात पाणी सात वेळा ओतण्याची रीत दिली आहे आणि प्रत्येक वेळी हात कसा फिरवायचा, किती जोर लावायचा, फेसाचा रंग कसा दिसला पाहिजे, हेही. फेस पांढराशुभ्र आणि दाट हवा, तो वाडग्याच्या कडेला चिकटून राहिला पाहिजे. यावर स्पर्धा होत. ज्याचा फेस आधी फाटून पाण्याची रेघ दिसेल, तो हरला. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून फुजियान प्रांतातील काळ्या झिलईचे वाडगे प्रसिद्धीस आले.

हुईझोंगचे पुढे काय झाले, हे इतिहासाच्या वाचकांना माहीत आहे. ११२७ मध्ये जुर्चेन सैन्याने राजधानी काइफेंग घेतली, सम्राटाला कैद करून उत्तरेला नेले. ११३५ मध्ये तो बंदिवासातच वारला.

६/
१२६९ मध्ये चीनमध्ये एक गमतीदार सचित्र पुस्तिका तयार झाली. तिच्यात चहाच्या बारा उपकरणांना बारा सरकारी अधिकाऱ्यांची पदे बहाल केली आहेत. बांबूची घुसळणी तेथे उपसेनापती आहे. तिचे चित्र पाहिले, तर लांब मूठ आणि एकाच दिशेने खाली उतरणाऱ्या काड्या दिसतात. आजच्या चासेनपेक्षा आपल्याकडच्या खराट्याशी तिचे नाते जवळचे वाटते.

दहा वर्षांत, १२७९ मध्ये, सोंग राजवटच संपली.

७/
आणि १३९१ मध्ये मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट होंगवू याने दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या चहाच्या वड्या बंद केल्या. त्या तयार करण्यात प्रजेचे फार श्रम जातात, सुटी पाने पाठवा, अशी आज्ञा झाली. हा स्वतः गरीब शेतकऱ्याच्या घरातून वर आलेला माणूस. त्याला ते श्रम ठाऊक असणार.

पाने भिजवून चहा पिण्याची चाल आधीच पसरत होती. आता दरबाराचीही मोहर लागली. वडी गेली, तेव्हा जाते गेले. भुकटी गेली, तेव्हा घुसळणीचे कामच उरले नाही. ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ च्या आपल्या चहावरील पुस्तकात नोंदवले आहे की, सोंग ग्रंथात उल्लेखिलेल्या घुसळणीचा आकार कसा होता, हे मिंगकालीन टीकाकाराला सांगता येईना.

८/
मग ती जपानमध्ये कशी टिकली?

भिक्षू एईसाई ११९१ मध्ये चीनहून झेन पंथाबरोबर चहाचे बी घेऊन परतला. चहाच्या आरोग्यगुणांवर त्याने १२११ मध्ये ग्रंथ लिहिला आणि १२१४ मध्ये शोगुन सानेतोमोला तो अर्पण केला. एईसाईने जो चहा पाहिला, तो सोंग चीनचा, भुकटीचा चहा होता. चीनमध्ये फॅशन बदलली तरी जपानी मठांनी आपल्याला शिकवलेली रीत सोडली नाही. सासरी आलेल्या सुनेने माहेरची जुनी रीत पाळावी आणि माहेरी मात्र ती कोणालाच आठवू नये, तसा हा प्रकार.

९/
आता नारा परगण्यातील ताकायामा या गावी जाऊ. आज ते इकोमा शहराच्या हद्दीत आहे. जपानमध्ये बनणाऱ्या चासेनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच एका गावातल्या.

परंपरा असे सांगते की, पंधराव्या शतकात ताकायामाच्या किल्लेदाराचा दुसरा मुलगा सोसेत्सु आणि नारा येथील मुराता जुको यांची मैत्री होती. जुको (१४२३–१५०२) म्हणजे साध्या, अनलंकृत चहासमारंभाचा आद्य पुरुष. त्याने सोसेत्सुला चहासाठी नवी घुसळणी करायला सांगितली. ती सम्राट गो-त्सुचिमिकादोपर्यंत पोहोचली; त्याने प्रसन्न होऊन तिला ‘ताकाहो’, म्हणजे उंच कणीस, असे नाव दिले आणि त्या नावातील ‘ताका’ हे अक्षर गावाच्या नावात आले.

१०/
स्थापनेच्या कथा अशाच असतात : एक गुणी राजपुत्र, एक ऋषितुल्य मित्र, एक प्रसन्न सम्राट. जुकोच्या आधी अडीचशे वर्षे जपानमध्ये भुकटीचा चहा घुसळला जात होता, तेव्हा घुसळणी ही वस्तू सोसेत्सुच्या हाती जन्मली नाही, हे उघड आहे. ताकायामाचा खरा वाटा तिच्या घडणीत आहे. खराट्यासारखी सरळ वस्तू तेथे फुलासारखी उमलली : काड्यांची दोन वर्तुळे, एक बाहेर फाकलेले, एक आत मिटलेले, आणि त्यांच्यामध्ये दोऱ्याची वीण.

किल्लेदाराचे घराणे पुढे ते ठिकाण सोडून गेले. मागे राहिलेल्या १६ सेवकांच्या कुटुंबांना हा व्यवसाय करण्याची मुभा मिळाली. विद्या एकाच वारसाला द्यायची आणि कोणी पाहू नये म्हणून रात्री काम करायचे, असा दंडक होता. विसाव्या शतकात माणसे कमी पडू लागली, तेव्हा कुठे तो सुटला.

११/
ही झाली एक बाजू. दुसरी बाजू चहाच्या पुस्तकांत कमी दिसते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते.

पश्चिम जपानमध्ये ‘चासेन’ हे एका अस्पृश्य मानल्या गेलेल्या समूहाचेच नाव होते. बांबूच्या घुसळण्या करणे आणि दारोदार विकणे, हा त्यांचा एक व्यवसाय. क्योतोमध्ये दहाव्या शतकातील संत कूयाचे अनुयायी भोपळे वाजवीत, नामस्मरण करीत फिरत आणि वर्षअखेरीस घरोघर चासेन विकत. नव्या वर्षाच्या पहिल्या चहासाठी नवी घुसळणी त्यांच्याकडून घेतली जाई.

१२/
म्हणजे एकच वस्तू. ताकायामात ती किल्लेदाराच्या मुलाची कलाकृती. रस्त्यावर ती ज्यांना गावाबाहेर राहावे लागे, त्यांची भाकरी. १८७१ मध्ये मेईजी शासनाने हुकूम काढून असे हीन दर्जे कायद्यातून रद्द केले. मनातून ते इतक्या सहज गेले नाहीत.

बुरूडकाम ज्यांनी जवळून पाहिले आहे, अशा मराठी वाचकाला यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही. सूप लग्नात मानाचे, पण ते विणणारा मात्र मांडवाबाहेर, हे आपल्याही ओळखीचे आहे.

१३/
सोळाव्या शतकापर्यंत ही वस्तू इतकी घरोघरची झाली होती की, डोक्यावर ताठ उभी बांधलेली शेंडी ‘चासेन’ म्हणून ओळखली जाई. तरुणपणी ओदा नोबुनागा अशीच शेंडी बांधून उंडारत असे. त्याच्या एका मुलाचे, नोबुकात्सुचे, बालपणीचे नावच चासेनमारू होते. ज्याने निम्मा जपान जिंकला, त्याने पोराचे नाव ‘घुसळणी’ ठेवावे, यावर जपानी इतिहासकार आजही हसत असतील.

१४/
याच नोबुनागाच्या काळात गोव्याचा एक धागा येथे येऊन मिळतो. जेझुइट पंथाचा निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो १५७४ मध्ये गोव्यात उतरला आणि १५७९ मध्ये जपानला पोहोचला. तेथील प्रतिष्ठित माणसांशी बोलायचे तर चहाला पर्याय नाही, हे त्याने ओळखले आणि जपानमधील जेझुइटांच्या प्रत्येक निवासात पाहुण्यांना चहा देण्यासाठी स्वच्छ जागा आणि ते काम जाणणारा माणूस ठेवण्याचा नियम घालून दिला. गोव्याहून चालणाऱ्या कारभाराच्या नियमावलीत जपानी चहा असा शिरला.

१५/
आता घडणीकडे. एका चासेनला बांबूचा एकच तुकडा लागतो, सुमारे १२ सेंटीमीटर लांब. जोड नाही, गोंद नाही, खिळा नाही.

साधारण तीन वर्षांचा बांबू हिवाळ्यात तोडतात. उकळत्या पाण्यात घालून त्याचे तेल काढतात आणि जानेवारी–फेब्रुवारीच्या कोरड्या थंडीत, कापणी झालेल्या भातखाचरांत शंकूसारखे उभे रचून वाळवतात. हिरवा बांबू हळूहळू फिकट पिवळा होतो. त्यानंतर तो लगेच वापरत नाहीत. वर्ष-दोन वर्षे किंवा अधिक काळ तसाच ठेवतात. आपल्याकडेही बांबू कोणत्या पंधरवड्यात तोडला, तर त्याला कीड लागत नाही, यावर जाणती माणसे तासभर बोलू शकतात. बांबूचे काम तोडणीपासूनच सुरू होते.

१६/
तुकड्याच्या वरच्या अर्ध्या भागाची साल तासून तो उभा १६ भागांत चिरतात. प्रत्येक भाग बाहेर वाकवून आतला गर काढून टाकतात. टणक पाठ तेवढी उरते. मग प्रत्येक कामटी पुन्हा चिरायची, एक जाड, एक बारीक, अशा क्रमाने. ८० काड्यांची चासेन करायची असेल, तर १६ कामट्यांच्या प्रत्येकी १० काड्या, एकूण १६०. त्यांतल्या ८० जाड काड्या बाहेरच्या वर्तुळात जातात, ८० बारीक आतल्या. नावात मोजतात त्या बाहेरच्याच.

हे सर्व मोजपट्टीशिवाय, बोटांच्या अंदाजाने.

१७/
यानंतरच्या पायरीला ‘आजी-केझुरी’ म्हणतात. आजी म्हणजे चव, केझुरी म्हणजे तासणे. काड्या गरम पाण्यात मऊ करून त्यांची आतली बाजू टोकाकडे तासत नेतात, इतकी पातळ की टोकाला उजेड आरपार दिसावा. मग बोटांत ओढून टोकाला आत वळण देतात. कारागीर सांगतात की, चहाची चव येथे ठरते, आणि म्हणून पायरीचे नाव तसे.

यात अतिशयोक्ती वाटेल; पण काडी जाड राहिली, तर फेस खरखरीत, मोठ्या बुडबुड्यांचा येतो, आणि फार बारीक झाली, तर ती पाण्यात लुळी पडते. फेसाचा पोत बदलला की जिभेला कडूपणाही वेगळा जाणवतो.

१८/
पुढे बाहेरच्या प्रत्येक काडीच्या कडा तासतात, म्हणजे चहाची भुकटी तेथे अडकत नाही. मग दोऱ्याने आतील आणि बाहेरील काड्या वेगळ्या करीत विणतात, बुडाशी ओळ लावतात, शेवटी टोके एकसारखी करतात. एकूण आठ पायऱ्या.

शाळांचे पंथभेदही येथे येतात. उरासेन्के घराणे पांढरा बांबू वापरते आणि दाट फेस काढते. ओमोतेसेन्केत धुराने काळवंडलेला बांबू चालतो आणि फेस अर्धवट ठेवण्याची रीत आहे. मुशाकोजीसेन्के काळ्या-जांभळ्या जातीचा बांबू घेते. यांतला धुराचा बांबू आता दुर्मिळ आहे. जुन्या गवती छपराच्या घरांत, चुलीच्या वर, शंभर-दीडशे वर्षे धूर खाल्लेला बांबू तो; अशी घरेच उरली नाहीत, तर बांबू कुठून येणार?

१९/
वापराची रीतही या घडणीतूनच समजते. कोरडी चासेन ठिसूळ असते. म्हणून आधी तिची टोके गरम पाण्यात मिनिटभर भिजवायची. नव्या चासेनच्या आतल्या काड्या घट्ट मिटलेल्या असतात, पहिल्या भिजवणीत त्या उमलतात.

पातळ चहासाठी चाळलेली भुकटी सुमारे २ ग्रॅम, पाणी ७० मिलिलिटरच्या आसपास, तापमान ८० अंश सेल्सिअस, उकळते नको. मग मनगट सैल ठेवून मागेपुढे जलद हालवायचे. रवीसारखे गोल फिरवायचे नाही. रवी लोण्याचे कण एकत्र आणते. येथे उलटे काम आहे, भुकटीचे कण पाण्यात विखरून ठेवायचे आणि हवा आत बांधायची. चहातील सॅपोनिन हा घटक तो फेस धरून ठेवतो. तळाला काड्या रगडायच्या नाहीत. मोडतात त्या तेथेच.

२०/
दाट चहाला जपानी भाषा वेगळे क्रियापदच वापरते. पातळ चहा ‘उभा करतात’, दाट चहा ‘मळतात’. त्याला कमी आणि जाड काड्यांची चासेन लागते. शंभर काड्यांची नाजूक घुसळणी दाट चहात घातली, तर पहिल्याच दिवशी तिचे हाल होतात.

२१/
निगा कशी राखायची, हे वेगळे शिकवावे लागू नये म्हणून जुन्या लोकांनी ते समारंभातच ओवून ठेवले. चहा करण्यापूर्वी यजमान वाडग्यात गरम पाणी घेतो, चासेन त्यात भिजवतो आणि सावकाश वर उचलून तिची टोके पाहतो. पुन्हा बुडवतो, पुन्हा पाहतो. बघणाऱ्याला तो विधी वाटतो. प्रत्यक्षात तो मोडक्या काडीचा तुकडा पाहुण्याच्या चहात जाऊ नये, यासाठीचा तपास आहे. चहा झाल्यावर पुन्हा हाच प्रकार, या वेळी धुण्यासाठी.

साबण कधीच नाही. बांबू वास शोषून घेतो आणि पुढच्या चहात परत करतो.

२२/
धुतल्यावर पाणी झटकायचे आणि उघड्या हवेत सावकाश वाळू द्यायची. चिनी मातीचा लहान ठोकळा मिळतो, त्यावर चासेन उलटी बसवली की काड्यांचा आकार टिकतो. ज्या प्लॅस्टिकच्या डबीतून ती विकत येते, ती डबी फेकून द्यावी.

हे मी स्वानुभवावरून लिहितो आहे. माझी पहिली चासेन मी मुंबईच्या जुलै महिन्यात, ओलसर असतानाच, त्याच डबीत झाकण लावून ‘जपून’ ठेवली होती. आठ दिवसांनी उघडली, तर आतल्या वर्तुळात राखाडी बुरशी. बुरशी धरलेली चासेन वाचवता येत नाही.

२३/
आज ताकायामात हे काम करणारी घराणी वीसच्या आसपास आहेत. १९७५ मध्ये जपान सरकारने या कलेला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. अधिकृत नावात ‘सेन’साठी ते नेहमीचे अक्षर वापरत नाहीत, मासे पकडण्याच्या बांबूच्या सापळ्याचे अक्षर वापरतात. आपले वेगळेपण जपण्याची ही त्यांची तऱ्हा.

मात्चाची मागणी जगभर वाढते आहे आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चासेनांपैकी बऱ्याच चीनमध्ये बनतात. जेथे हिचा आकारही विद्वानांना आठवत नव्हता, तेथेच ती पुन्हा, यावेळी जपानी घडणीची नक्कल म्हणून, तयार होते आहे. ताकायामाच्या कारागिरांची तक्रार आहे ती त्यांचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल. ती रास्त आहे. पण चिनी कारागिराला उपरे म्हणताना मला ११०७ आठवते आणि जीभ थोडी अडखळते.

२४/
शेवटी मोडक्या चासेनचे काय करतात? एक-दोन काड्या गेल्या, तर सरावाला वापरतात. मग जात्याला चिकटलेली भुकटी झाडायला. त्यानंतर जपानमधील काही मंदिरांत वर्षातून एक दिवस ठरलेला असतो. चहा शिकणारे लोक वर्षभरातल्या झिजलेल्या चासेन घेऊन येतात, भिक्षू सूत्रपठण करतात, आणि त्या सर्व एकत्र अग्नीत घातल्या जातात. कोरड्या बांबूला पेट घ्यायला वेळ लागत नाही.